अंगठा आणि फ्लायव्हील

आमच्या वाड्यातल्या अप्पांकडे १९२० च्या दशकातली एक विलायती मोटार आहे. वर्षातून दोनदा ती चालते, एरवी अप्पांना चालवते. सुरू करायला पुढून हँडल मारावं लागतं. त्या वेळी अंगठा इतर चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलंच! गेल्या पावसाळ्यात अप्पांच्या अंगठ्याने पक्षांतर केलं. सहा आठवडे प्लास्टर.

मुलाने तोडगा काढला. नंतरच्या मॉडेलचं, कडेला दाते असलेलं फ्लायव्हील बसवायचं आणि त्याला जोडीचा स्टार्टर. खटका दाबला की छोटं दातेरी चाक सरकून मोठ्यात अडकतं, इंजिन सुरू झालं की आपसूक मागे येतं. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर होता, म्हणजे कल्पना काही आजची नव्हे. फक्त दोन्ही चाकांचे दाते जुळले पाहिजेत. पत्रिका जुळते तसे नव्हे, खरोखर. ते जुळले. पण स्टार्टरच्या नाकाला जागा हवी, म्हणून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचाचा दोन बोटं तुकडा कापावा लागणार होता. फ्लायव्हील उद्या बदलता येईल, कापलेलं कवच परत उगवत नाही.

अप्पा अडले. "मग ही माझ्या वडिलांची गाडी राहील का हो?"

मी पडलो बी.कॉम. तरी थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. अथेन्सवाले कुजलेली फळी काढून नवी बसवत, मग जहाज तेच का, असा तत्त्वज्ञांचा वाद प्लुटार्कने नोंदवलाय. १६५५ मध्ये हॉब्सने त्यात भर घातली : काढलेल्या फळ्यांचंच कुणी दुसरं जहाज बांधलं तर?

"म्हणजे जुने भाग पलंगाखाली ठेवले, तर गाडी पलंगाखाली?" अप्पा म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

खरं तर काउंटरवर हाच प्रश्न रोज माझ्यापुढे येतो. एका आजींची सही तीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत केली. आजी म्हणाल्या, "सही माझीच आहे रे बाळा, हात बदललाय." मी नियम दाखवला. त्या दिवशी त्या पैसे न घेताच गेल्या. पुढच्या महिन्यात साहेबांनी त्यांचा अंगठा घेतला आणि पैसे मिळाले. माणूस तोच होता, हे मला पहिल्याच दिवशी दिसत होतं.

हे मात्र अप्पांना सांगितलं नाही. "कापा," एवढंच म्हणालो. "पण मेळाव्याच्या फॉर्मात बदललेले भाग लिहा." तुकडा कापताना बॅटरी मीच धरली होती, आणि हात माझाच थरथरत होता.

रविवारी मुलाने खटका दाबला. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू! अप्पा तेव्हा सवयीने बॉनेटपुढे वाकून उभे होते, अंगठा नीट चार बोटांच्या बाजूला ठेवून.