नाव झाकल्यावर जमीन कोणाची?

देहूरोड परिसरात गुंठा-दोन गुंठे जागा घ्यायला निघालेल्या माणसाने सातबारा पाहण्याआधी एक गोष्ट विचारायला हवी: जागा रेड झोनमध्ये येते का? इथल्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामाला बंधन आहे. हा पट्टा छावणीची हद्द ओलांडून तळवडे, निगडी-यमुनानगर, किवळे या भागांत शिरतो. तिथे कष्टकऱ्यांनी आयुष्याची पुंजी ओतून घरं बांधली आणि ती घरं कायद्याच्या लेखी अधांतरीच राहिली. ही जमीन तुकडे पाडून कोणी विकली, दस्त कोणी नोंदवून घेतला, भिंती उभ्या राहत असताना त्या भागाचा अधिकारी कोण होता, हे प्रश्न रास्त आहेत. त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर शेवटी कोणा ना कोणा माणसाचं नाव असतं.

आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती सगळी वैयक्तिक माहिती ठरते. एवढ्यापुरती माझी तक्रार नाही. व्याख्या व्यापक असायलाच हवी. तक्रार आहे ती या कायद्याच्या कलम ४४(३) बद्दल. त्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला. डेटा गोळा करणाऱ्या कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. माहिती मागणाऱ्या नागरिकाच्या हातून मात्र त्याचं साधन त्याच दिवशी निसटलं.

जुनं कलम विचारपूर्वक घडवलेलं होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहिती नाकारता येत असे, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं एक परंतुकही त्याला जोडलेलं होतं. आता हे सगळं गेलं. उरलं ते इतकंच: माहिती वैयक्तिक असेल तर ती नाकारता येईल.

सरकारचं म्हणणं असं की कलम ८(२) शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. कागदावर ते खरं आहे. पण पूर्वी माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवावं लागे की या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही. आता अर्जदारानेच जनहित सिद्ध करायचं, आणि तेही कागद हाती येण्यापूर्वी. मुळात न्यायालयांचा कल आधीच सावध होता. गिरीश देशपांडे यांनी अकोल्यातल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सेवेविषयी आणि मालमत्तेविषयी माहिती मागितली, तेव्हा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैयक्तिक ठरवली. तेव्हा निदान जनहिताची अट कलमातच लिहिलेली होती. तीही नसताना साधा जनमाहिती अधिकारी कोणती बाजू धरेल? माहिती अडवली तर त्याला दिवसाला २५० रुपये, फार तर २५ हजार दंड. नव्या कायद्यातला सर्वोच्च दंड २५० कोटींचा. कायद्याने दिलेल्या माहितीला तो दंड लागू व्हायचं कारण नाही, पण असा आकडा ऐकलेला कारकून फाइल बंदच ठेवणार.

देहूरोडला हे अधिक जाचक आहे. छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. तिथल्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. २०२३ ची निवडणूक जाहीर होऊन रद्द झाली. जिथे जाब विचारायला नगरसेवकच नाही, तिथे माहितीचा अर्ज हाच नागरिकाचा आवाज. त्याचं दुसरं अपील थेट दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

लोकल गाडीने देहूरोडपासून तिसरं स्टेशन तळेगाव. तिथले सतीश शेट्टी मावळातले जमीनव्यवहार माहिती अधिकारातून उजेडात आणत. द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींविषयी त्यांनी तक्रार केली होती. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांची हत्या झाली. त्यांनी मागितलेले कागद म्हणजे दस्त, फेरफार, मालकांची नावं. नव्या व्याख्येत यातला प्रत्येक कागद वैयक्तिक माहितीत मोडतो. ज्या तालुक्यात माणसाने अशा कागदांसाठी जीव गमावला, तिथे हा बदल निव्वळ तांत्रिक दुरुस्ती म्हणून स्वीकारणं मला शक्य नाही.

खासगीपणाचं मोल मी कमी मानत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला, हे योग्यच झालं. लाभार्थ्यांच्या याद्यांत आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल उघडे पडणं हा गुन्हाच मानला पाहिजे. त्यावर उपाय मात्र २००५ च्याच कायद्याच्या कलम १० मध्ये आहे: झाकायचा भाग झाकून उरलेला कागद द्या. विधवेच्या निवृत्तिवेतनाचा खाते क्रमांक झाका. तिच्या नावावर पैसे उचलणाऱ्याची सही झाकू नका.

या कायद्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल कमी बोललं जातं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ नुसार कंपनीच्या निष्काळजीपणाने डेटा फुटला तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता येते. नवा कायदा ते कलमच रद्द करतो. दंड होईल, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होईल. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये इतरांचा डेटा सांभाळणाऱ्या तरुणाचा स्वतःचा डेटा फुटला तर त्याच्या हाती काही नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर त्यालाच १० हजारांपर्यंत दंड.

भरपाईचं कलम रद्द करण्याची तरतूद अजून अमलात आलेली नाही. १८ महिन्यांची मुदत २०२७ च्या मे महिन्यात पुरी होते. तोवर संसदेला दोन दुरुस्त्या करता येतील: कलम ८(१)(जे) त्याच्या परंतुकासह पूर्ववत करणं आणि ४३-अ जिवंत ठेवणं. पिंपरी-चिंचवडचं प्रतिनिधित्व करणाऱ्या मावळ आणि शिरूरच्या खासदारांनी त्या दोन्ही दुरुस्त्यांवर आपली भूमिका आताच लेखी जाहीर करावी.