रांगेतल्या माणसाने काय मागावे?



अमेरिकेत नोकरीला गेलेली मुले आता मराठवाड्यालाही नवी नाहीत. ‘एच-वन-बी’ आणि ‘ग्रीन कार्ड’ हे शब्द घरातल्या आजीलाही ठाऊक झाले आहेत. अशी मुले तेथील खासदारांच्या कचेरीत जातात, पत्रे लिहितात, कायदा बदला म्हणून आर्जवे करतात. काहींना हे खटकते. पाहुण्याने यजमानाला घरचे नियम शिकवावेत का, असे ते विचारतात. प्रश्न नीतीचा आहे, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत.

आधी वस्तुस्थिती पाहू. अमेरिका नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे देते. पती-पत्नी व मुले यांची गणतीही त्यातच होते. एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. भारतातून अर्ज पुष्कळ, म्हणून आपली रांग कित्येक वर्षांची. आईवडिलांबरोबर गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की साधारणपणे त्या रांगेतून बाहेर पडते. २०१९ मध्ये ही मर्यादा काढण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने ते वेगळ्या स्वरूपात स्वीकारले. पण दोन्ही सभागृहांचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही.

मग मागणे गैर आहे काय? आमच्या मते नाही. आपल्या किल्ल्याचाच इतिहास पाहा. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून येथे हलविली. माणसांना यावे लागले, पुढे परतावेही लागले. त्यांना कोणी विचारले नव्हते. ज्याच्या संसारावर हुकूम चालतो, त्याला निदान बोलता आले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. प्रभू येशूने तिला नावे ठेवली नाहीत.

मात्र ती न्याय मागत होती. खरी कसोटी येथेच आहे. एकूण कार्डे तेवढीच ठेवून मर्यादा काढली, तर भारतीयांची रांग आखूड होईल, पण फिलिपाइन्सच्या परिचारिकेला अधिक थांबावे लागेल. सिनेटर डिक डर्बिन यांनी २०१९ मध्ये हीच हरकत घेतली आणि एकूण संख्याच वाढवावी असे सुचविले. ज्याने अधिक वर्षे वाट पाहिली त्याला आधी मिळावे, यात अन्याय कसला, असे कोणी म्हणेल. त्या म्हणण्यातही बळ आहे. आपण कुठे जन्मावे हे कोणी निवडत नाही. तरीही आपल्या मागणीचा भार कोणावर पडेल, हे मागणाऱ्याने स्वतःहून सांगितले पाहिजे. ते लपविले की विनंतीचा सौदा होतो.

दुसरा धोका शब्दांत आहे. ‘आम्ही कुशल आहोत, कर भरतो, तुमच्या उपयोगाचे आहोत’ हा मुद्दा खासदारांना लवकर पटतो. पण माणसाची किंमत उपयोगावर ठरली, तर नोकरी गेलेल्या दिवशी त्याचे काय? एच-वन-बीवर नोकरी सुटली की बहुधा ६० दिवसांच्या आत दुसरी शोधावी लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात शिकविले, की कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते. कुशल आणि अकुशल, दोघेही आधी माणसे आहेत.

आता आपल्याकडे पाहू. वाळूजच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. ‘हे आमच्या मुलांच्या नोकऱ्या घेतात,’ हे वाक्य आपणही कधी ऐकतो, कधी बोलतो. अमेरिकेत आपल्या मुलांविषयी हेच बोलले जाते. दोन्हीकडे त्यामागे रोजगाराची खरी भीती असते आणि तिची टिंगल करू नये. पण वॉशिंग्टनच्या खासदाराकडे आपल्या मुलाने जे मागावे असे आपल्याला वाटते, ते आपण आपल्या आमदाराकडे या कामगारांसाठी मागू का? वेळेवर मजुरी, राहायला धड खोली, मुलांना शाळा?

मागू शकलो, तर आपले मागणे न्यायाचे आहे. नाहीतर ते केवळ आपल्या घरापुरते आहे.