खांद्याची रजा

फ्रोजन शोल्डरबद्दल डॉक्टर सांगतात ते ऐकायला सोपं असतं. धीर धरा, व्यायाम सोडू नका, साखर आटोक्यात ठेवा. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आकसतं आणि हात एका हद्दीपुढे जाईनासा होतो. आपल्याला उचलता येत नाही आणि दुसऱ्याने धरून उचलला तरी जात नाही. आधी दुखण्याचे महिने, मग आखडण्याचे, मग हळूहळू मोकळं होण्याचे. सगळं मिळून साधारण एक ते तीन वर्षं. चाळिशी ते साठीच्या वयात होतो, बायकांना जास्त, मधुमेह असेल तर आणखी जास्त. हे सगळं मला लागू आहे.

दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नाही. ब्लाउजचा मागचा हूक, केसांचा अंबाडा, वरच्या फळीवरचा डबा, सगळं दुसऱ्यावर आलं. डोंबिवलीहून ठाण्याला कामावर जाताना उजवा हात पोटाशी धरून मी लेडीज डब्यात शिरते आणि डाव्या हाताने वरची कडी पकडते. गर्दीत कुणाचा धक्का लागून आखडलेला हात झटकन मागे गेला, तर अशी कळ येते की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ती ओसरेपर्यंत मागच्या बायका पुढे ढकलत असतात. त्यांचा दोष नाही. ना प्लास्टर, ना सूज. त्यांना कळणार कसं?

अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या शल्यविशारदाने 1934 साली या दुखण्याला ‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव दिलं. त्याची व्याख्या करणं, कारण सांगणं आणि उपचार करणं, तिन्ही अवघड आहे असं त्यानेच लिहून ठेवलं. खाली वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, हा व्यायामही त्याच्याच नावाने ओळखला जातो. मधल्या काळात औषधशास्त्र कुठच्या कुठे गेलं, पण या खांद्यापाशी ते अजून नम्रच आहे. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, या तिन्हींनी रुग्ण वर्षभरात बरेच सुधारले आणि तिन्हींपैकी कुठलाही उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. मी पहिला मार्ग घेतला. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर गेली. ती जाणार हे आधीच सांगितलेलं होतं.

तेव्हा बरं होण्यासाठी मुख्य लागतो तो वेळ. शेक घ्यायचा, दारावरच्या कप्पीची दोरी ओढायची, भिंतीवर बोटं चढवत न्यायची, आणि उताणं पडून दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्यामागे न्यायचं. ही काठी आमच्या घरात आधीपासून आहे. छताला टांगलेल्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालायची काठी. सकाळी मी तिच्यावर व्यायाम करते, अलीकडेपर्यंत मग ती बाल्कनीत जायची आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी तिच्यावर ओली चादर पेलून दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोरीवर टाकायच्या.

मावशी दिव्याहून येतात, कोपर स्टेशन ओलांडून डोंबिवलीला. वय माझ्याएवढंच. माझा खांदा धरल्यापासून उंचावरची, ताणायची, पिळायची सगळी कामं त्यांच्याकडे गेली. एकदा चादर टाकताना त्यांचा हात अर्ध्यात थांबला. त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला आणि चादर वर ढकलली. त्या उचलण्याची ढब मी ओळखते. विचारलं तर म्हणाल्या, “पावसाळ्यापासून आहे, ताई. बाम लावते.”

त्यांचं दुखणं माझंच आहे असं मी म्हणत नाही. खांद्याचे स्नायुबंध झिजले तरी असंच दुखतं. फक्त तेव्हा दुसऱ्याने उचललेला हात बहुधा वर जातो. डॉक्टर कोपर कमरेला टेकवायला लावून हात बाहेर वळवून बघतात, त्यातून पुष्कळ उलगडतं. पण आधी कुणी बघायला तर हवं. साखर कधी तपासली होती, तेही त्यांना आठवत नव्हतं.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारते आहे आणि त्याचं सरळ उत्तर मला देता येत नाही. मला जी विश्रांती मिळते ती आली कुठून? ऑफिसची पगारी रजा, फिजिओथेरपिस्टची फी, सकाळचा मोकळा अर्धा तास, हे सगळं माझं, पण त्यातला कष्टाचा वाटा नाहीसा झालेला नाही, तो फक्त दुसऱ्या खांद्याकडे गेला आहे. पगार मी वाढवला. तेवढ्याने मन निवत नाही. वाढवलेल्या पगारात दुखरा हात वर नेण्याची किंमत धरली आहे का, आणि ती धरता येते का? “दवाखान्यात जाऊन या, पैसे कापणार नाही,” असं मी म्हटलं, त्याच क्षणी दुसऱ्या दिवशीच्या भांड्यांचा हिशेबही मनात झाला. माझी कणव खोटी नव्हती, पण ती एकटी नव्हती.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. तरीही धुणंभांडी करणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला की तो खाडाच धरला जातो. पालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय डोंबिवली पश्चिमेला आहे, लांब नाही. पण ओपीडी सकाळची आणि मावशींची कामंही सकाळचीच. मी एका घराची रजा देऊ शकते. त्यांच्याकडे सहा घरं आहेत. बाकीच्या पाचांशी मी बोलते, दोन घरं तर आमच्याच बिल्डिंगमधली, असं सुचवलं तर त्यांनी काठी खाली ठेवली. “नका सांगू, ताई. खांदा गेलाय म्हटलं की दुसरी बघतात.” खाड्याचे पैसे मी भरून देते म्हटलं, तर म्हणाल्या, “पैशाचं नाही हो. काम सुटलं तर परत कुठे शोधू?”

यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. चांगुलपणाच्या भरात मी बाकीच्यांना सांगून मोकळी झाले असते, आणि भोगायला लागलं असतं त्यांना. म्हणून गप्प आहे. कपड्यांसाठी खाली ठेवायचा स्टँड आणला, आता आमच्याकडे तरी हात वर न्यावा लागत नाही. चादरी मी एका हाताने जमेल तशा पसरते. दिव्यात स्टेशनजवळ संध्याकाळी उशिरापर्यंत बसणारे हाडांचे डॉक्टर आहेत का, त्याची चौकशी चालू आहे. तपासणीची आणि साखरेच्या चाचणीची फी मी देणार, हे मावशींना सांगितलं आहे. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. गावाहून मुलगी येऊन गेली की बघू, म्हणतात.