सभागृहाने काढून घेतलेले संरक्षण

लोकप्रतिनिधीला अटकेपासून संरक्षण का असावे, याचे जुने उत्तर सोपे होते: राजापासून वाचण्यासाठी. 1512 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील कथिलाच्या खाणींवर नियंत्रण आणणारे विधेयक रिचर्ड स्ट्रोड या सदस्याने मांडायला घेतले, तेव्हा खाणवाल्यांच्या न्यायालयाने त्याला तुरुंगात टाकले. त्यावर संसदेने त्याच्या बाजूने कायदाच केला. पुढे सर जॉन एलियट राजाविरुद्ध बोलला आणि 1632 मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेतच मेला. 1642 मध्ये पहिला चार्ल्स सैनिक घेऊन सभागृहात पाच सदस्यांना पकडायला आला. या सगळ्यातून 1689 च्या हक्कांच्या सनदेत तत्त्व पक्के झाले की, संसदेतील भाषणाबद्दल बाहेरच्या कोणत्याही न्यायालयाने जाब विचारायचा नाही.

फ्रेंचांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. 1789 च्या जूनमध्ये राष्ट्रसभेने आपले सदस्य अटकेच्या पलीकडचे असल्याचे जाहीर केले. भाषणच नव्हे, तर सदस्याची व्यक्ती म्हणून मोकळीकही सुरक्षित झाली. सदस्याला हात लावायचा असेल तर सभागृहाची परवानगी हवी, ही व्यवस्था पुढे युरोपातील बहुतेक राज्यघटनांत गेली. तुर्कस्तानच्या राज्यघटनेचे 83 वे कलम त्याच परंपरेतले.

या रचनेत एक गृहीतक होते. धोका बाहेरून येणार आणि सभागृह आपल्या माणसासाठी उभे राहणार. ते कोसळायला चार वर्षेही लागली नाहीत. 1 एप्रिल 1793 रोजी फ्रान्सच्या कन्व्हेन्शनने शत्रूशी संगनमताचा संशय असलेल्या सदस्यांचे संरक्षण स्वतःच काढून घेतले. 2 जूनला जिरोंदिन गटाचे सदस्य अटकेत गेले. पुढच्या वर्षी क्रांतीचा खुद्द एक म्होरक्या असलेल्या दांतोंचीही गाठ गिलोटिनशी पडली. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न तेव्हापासून उघडा राहिला. देशाच्या आत त्याला उत्तर नव्हते आणि देशाबाहेरून उत्तर देण्याची रीत तेव्हा अस्तित्वात नव्हती.

ती रीत घडायला जवळपास दोन शतके लागली. 1889 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरसंसदीय संघाने 1976 मध्ये खासदारांच्या मानवी हक्कांच्या तक्रारी ऐकण्याची स्वतंत्र पद्धत सुरू केली. एका देशाच्या सदस्यासाठी दुसऱ्या देशांच्या संसदांनी बोलावे, ही कल्पना इथे संस्थात्मक झाली.

त्याच वर्षी भारतात आणीबाणी होती. आपल्याकडे 105 वे कलम सभागृहातील भाषण आणि मतदानाला संरक्षण देते. स्थानबद्धतेपासून ते वाचवत नाही. संयुक्त समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते 1975 च्या जूनमध्ये वाजपेयी आणि अडवाणींसोबत तिथेच पकडले गेले. मुंबईने 1967 मध्ये लोकसभेत पाठवलेले जॉर्ज फर्नांडिस 1976 मध्ये कलकत्त्यात अटकेत गेले. ते तेव्हा खासदार नव्हते. तरी विली ब्रांट, ब्रुनो क्राइस्की आणि उलोफ पाल्मे या युरोपीय समाजवादी नेत्यांनी त्यांच्यासाठी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला. ही आमची अंतर्गत बाब आहे, असे आज आपण परक्यांना सुनावतो तेव्हा हे लक्षात असलेले बरे.

पण बाहेरच्या शब्दाला वजन कशाने येते, हे तुर्कस्तानने सर्वांत स्पष्ट दाखवले.

लैला झाना 1991 मध्ये अंकाराच्या संसदेत निवडून आल्या. तिथे पोहोचलेल्या त्या पहिल्या कुर्द स्त्री. तुर्की भाषेत शपथ घेऊन झाल्यावर त्यांनी तुर्क आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाबद्दल एक वाक्य कुर्द भाषेत उच्चारले आणि सभागृहात गदारोळ झाला. 1994 च्या मार्चमध्ये संसदेनेच त्यांचे आणि सहकाऱ्यांचे संरक्षण काढले. त्या डिसेंबरात झाना, हातिप दिजले, ओर्हान दोआन आणि सेलिम सादाक या चौघांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

युरोपीय संसदेने 1995 मध्ये झानांना साखारोव्ह पुरस्कार दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच संसदेने तुर्कस्तानबरोबरच्या सीमाशुल्क संघाला मान्यताही दिली. निषेध आणि व्यापार एकाच महिन्याच्या अंतराने चालला, तेव्हा अंकाराने त्यातून काय अर्थ काढावा? झाना तुरुंगातच राहिल्या. 2001 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने खटला न्याय्य नव्हता, असा निकाल दिला. तरीही सुटका नाही.

ती झाली 9 जून 2004 रोजी. त्या वर्षाच्या डिसेंबरात युरोपीय महासंघ तुर्कस्तानशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची की नाही, हे ठरवणार होता. सुटकेच्या दिवशीच सरकारी दूरदर्शनवर कुर्द भाषेतील पहिले प्रसारण झाले. नऊ वर्षे अडलेला पुरस्कार झानांनी ऑक्टोबरमध्ये ब्रसेल्सला जाऊन स्वीकारला. दहा वर्षांच्या निषेधाला जे साधले नव्हते, ते एका अपेक्षित तारखेने साधले.

बारा वर्षांनी तेच दृश्य उलट क्रमाने आले. 20 मे 2016 रोजी 376 मतांनी तात्पुरती घटनादुरुस्ती झाली आणि ज्यांच्यावर प्रकरणे प्रलंबित होती त्या सदस्यांचे संरक्षण गेले. मुख्य विरोधी पक्षाचे नेते किलिचदारोग्लू यांनी ही दुरुस्ती घटनाविरोधी असल्याचे सांगत पाठिंबा दिला. साधारण वर्षभराने त्यांच्याच पक्षाचा एक खासदार तुरुंगात गेला. त्याआधीच, 4 नोव्हेंबर 2016 रोजी, कुर्दसमर्थक पक्षाचे नेते सेलाहात्तिन देमिर्ताश पकडले गेले होते. युरोपीय संसदेने बोलणी गोठवण्याचा ठराव केला. तो बंधनकारक नव्हता. मानवी हक्क न्यायालयाच्या सर्वोच्च पीठाने 22 डिसेंबर 2020 रोजी त्यांना तत्काळ सोडावे, असे सांगितले. तुर्कस्तानने ऐकले नाही आणि 2024 मध्ये त्यांना 42 वर्षांची शिक्षा झाली. कारण स्पष्ट आहे. सदस्यत्वाची आशा मावळली होती आणि 2016 च्या मार्चमधील निर्वासितांच्या करारानंतर गरज युरोपला होती, अंकाराला नव्हती.

म्हणजे राजनैतिक दबाव नैतिक वजनाने चालतो असे नाही, देण्याघेण्यावर चालतो. याचा अर्थ निषेध निरुपयोगी ठरतो असाही नाही. पुरस्कार, ठराव आणि निकाल यांनीच झानांचे नाव नऊ वर्षे फायलीत जिवंत ठेवले आणि वेळ आली तेव्हा मागणी काय आहे, हे आधीच ठरलेले होते. पण निषेधाच्या जोडीला किंमत लागते आणि ती मोजण्याची तयारी लागते. सीमाशुल्क संघ हातचा देऊन साखारोव्ह पुरस्कार देणे हा त्याचा सर्वांत महागडा विसर.

आपल्यासाठीही यात एक गोष्ट आहे. बाहेरचा आवाज पोहोचेपर्यंत दहा वर्षे जातात आणि कधी पोहोचतच नाही. म्हणून विरोधकाचे संरक्षण काढणाऱ्या ठरावाला हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने एकच विचार करावा: हे बाक पुढच्या निवडणुकीत कोणाकडे असतील?