सहज गेलेल्या वाटेवर

‘सहज गेलो होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या जाण्याचा हिशेब कोणी मागणार नाही, असे मनाशी धरलेले असते. ठरवून केलेल्या कृत्याची जबाबदारी आपण मान्य करतो. परंतु जे अकल्पितपणे समोर उभे राहिले, त्याचेही आपण काही देणे लागतो काय?

भाषांतराच्या कामासाठी जबलपुरास गेलो असता एके दिवशी बैठक दुपारीच आटोपली, आणि काहीही न ठरवता मी २०–२५ किलोमीटरांवरील भेडाघाटची वाट धरली. धुवांधार प्रपाताच्या खाली नर्मदा तेथे संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. दुरून शुभ्र भासणाऱ्या कड्यांवर जवळून निळसर, गुलाबी छटा दिसतात. मधूनच काळपट दगडाच्या शिरा त्यांना छेदून जातात. ‘बंदरकूदनी’ येथे पूर्वी वानरे या कड्यावरून त्या कड्यावर उडी घेत, असे नावाडी सांगतात. (त्यांची यमके जुळवून केलेली वर्णने ऐकण्याजोगी असतात.) मी मात्र नावेत न बसता काठच्या खडकांवरून चालत राहिलो.

तेथे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पुढे आला. “साहब, पचास रुपये में कूदूँ?”

पैसे द्यावेत, तर एका लेकराचा जीव आपल्या करमणुकीसाठी पणाला लागतो. न द्यावेत, तर आपला विवेक स्वच्छ राहतो आणि त्याचा खिसा रिकामा.

लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील दाखला आपणांस परिचित आहे. यरुशलेमेहून यरीहोकडे सुमारे १००० मीटर उतरणारी ती वाटही अशाच एका खोल घळीजवळून जाते. ३१ व्या वचनात योगायोग या अर्थाचा ‘सिंकिरिया’ हा ग्रीक शब्द आहे. संपूर्ण नव्या करारात तो केवळ येथेच आढळतो, आणि तो योजला आहे याजकाविषयी! भाषांतर करताना या शब्दापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. याजकाचे त्या वाटेने येणे योगायोगाचे होते. दुसऱ्या बाजूने निघून जाणे मात्र त्याचे स्वतःचे होते.

मी मुलास म्हटले, “उडी नको. वरच्या वाटेने प्रपातापर्यंत मला घेऊन चल. तेवढेच पैसे देईन.” तो आनंदाने निघाला. पाणी उतरले म्हणजे कोणते खडक उघडे पडतात, कोठे भोवरा आहे, कोठे तळ लागत नाही, हे सारे त्यास मुखोद्गत होते. एवढे बारकाईचे ज्ञान, आणि त्याचे मोल केवळ उडीपुरते!

आपण म्हणाल, यात आपल्याच मनाचे समाधान विकत घेतले. त्याच्या उद्याचे काय? हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. प्रपाताजवळ पैसे हाती पडताच तो आल्या वाटेने धावत सुटला. खाली कड्यावर नुकतीच एक सहल येऊन थांबली होती.