पूल हालते

वर्ध्यात लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका पोराला पवनारच्या धाम नदीनं वेड लावलं होतं. 12 फेब्रुवारी 1948 ला गांधीजींच्या अस्थी या नदीतही विसर्जित झाल्या; त्याचं स्मारक तिथंच आहे. भादव्यात काळ्या खडकांवरून धावणारं पाणी फोटोत धुक्यासारखं पसरावं आणि स्मारकाची कड मात्र लख्ख यावी, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी त्यानं दहा स्टॉपचा एनडी फिल्टर आणला. ती काळी काच लावली की 1/30 सेकंदाचं काम अर्ध्या मिनिटावर जातं, आणि तेवढा वेळ कॅमेरा जराही हलून चालत नाही.

पहाटे पुलावर ट्रायपॉड लावला. फोटोत स्मारकाला दोन-दोन कडा. ट्रायपॉड हलका, पाच घड्यांच्या पायांचा, शेवटची नळी करंगळीहून बारीक, उंचीसाठी मधला दांडा पूर्ण वर काढलेला. दोष कोणाचा, हे ठरवायला त्याला वेळ लागला नाही.

घरी त्यानं मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या काकाजींकडे नव्या ट्रायपॉडच्या पैशाची गोष्ट काढली.

"सेवाग्रामात कनू गांधीले बापूनं फोटो काढू देल्ले, ते तीन अटींवर," काकाजी म्हणाले. "फ्लॅश नाही, पोज मागायची नाही, अन् आश्रम पैसे देनार नाही. आपल्या घरी तिसरी अट लागू हाय."

"त्यायले घनश्यामदास बिर्लानं शंभर रुपये देल्ले, त्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. मले कोन देते?"

"दोन लग्नाच्या ऑर्डरी जास्तीच्या घे."

त्यानं घेतल्या. पैसे जमल्यावर नागपूरला सीताबर्डीत जाताना मात्र काकाजी सोबत निघाले. दुकानात पोरगा डब्यावरचा 'इतके किलो पेलतो' हा आकडा वाचत बसला. काकाजींनी डबा बाजूला सारला. एकेका ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडले, माथा दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिला. मग पायावर टिचकी मारून वर तळहात ठेवला आणि थरथर कधी थांबते ते पाहिलं. वजन पेलणं वेगळं आणि पिळाला दाद न देणं वेगळं. दुसऱ्याचा आकडा डब्यावर सहसा नसतोच. शेवटी तीन घड्यांचा, जाड नळ्यांचा, मधला दांडा नसलेला निवडला. कार्बनचा परवडेना, म्हणून ॲल्युमिनिअमचा. चांगला जड.

पोरगा परत त्याच पुलावर. फोटो परत तसाच.

"दुकानवाल्यानं फसवलं," तो म्हणाला.

"कठड्यावर हात ठेव," सोबत आलेले काकाजी म्हणाले. नागपूरकडून एक ट्रक आला आणि कठडा तळहाताखाली गुणगुणला. "तुया ट्रायपॉड नाही, पूल हालते. ट्रायपॉड बिचारा थे इमानदारीनं वर पोचवते."

दोघं खाली उतरले. पोरानं काठच्या काळ्या मातीत पाय रोवले, तर काकाजींनी तेही उपटायला लावले. "या जमिनीत आम्ही प्लेन टेबल लावो, तं पायाखाली चपटे दगड ठेवो. नाही तं सकाळी बरोबर लावलेलं दुपारी कललेलं राहे."

मग खडक. गळ्यातला पट्टा फडफडत होता, तो काढला. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं, बटणावरचा हात नको म्हणून टायमर लावला. कड एकच आली. आता गाडीतला जुना आण, काकाजी म्हणाले. त्याचा दांडा खाली, बारीक घड्या बंद, उंची गुडघ्याएवढी. पोरानं दोन्ही फोटो स्क्रीनवर मोठे करकरून पाहिले. कडेत काही फरक नव्हता.

"मंग मी पैसे कायले घातले?"

"जुन्याच्या फोटोत स्मारकाचा खालचा भाग दिसते का?"

दिसत नव्हता. गुडघ्याच्या उंचीवरून समोरच्याच खडकानं तो झाकला होता, आणि जुना छातीपर्यंत उघडला की नुसत्या वाऱ्यानं डुलत होता.

पोरगा काही बोलला नाही. नवा ट्रायपॉड खांद्यावर टाकून, एकेका खडकावर टाच आपटून पाहत पाण्याकडे निघाला. कॅमेरा काकाजींच्याच हातात राहिला.

"शेवाळ पाहून चाल बे!" काकाजी मागून ओरडले.