कासवाचा निवाडा

अमेरिकेच्या ईशान्येला, कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५च्या सुमारास तिथल्या आयांच्या लक्षात आलं की एकाच परिसरातल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजताहेत. त्या आजाराला पुढे गावाचंच नाव पडलं. ही गोष्ट त्याच मुलखातल्या एका रानाची.

रानाला लागून एक माणूस घर बांधून राहत होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या मुलीला ताप भरला. पाठीवर लाल चट्टा उठला आणि दिवसागणिक पसरत गेला. डॉक्टर म्हणाले, "गोचीड चावली आहे. बरं झालं, वेळेवर आणलंत." औषधाने मुलगी बरी झाली, पण बापाचा राग काही उतरेना. बंदूक घेऊन तो रानात शिरला आणि ओरडला, "माझ्या लेकीला हा रोग कुणी दिला? गुन्हेगार पुढे करा!"

रानातलं सर्वांत म्हातारं कासव पुढे आलं. "बंदूक खाली ठेव," ते म्हणालं. "आधी सगळ्यांचं ऐकून घे. मग निवाडा करू."

माणसाने हरणाकडे बोट दाखवलं. "याच्याच अंगावर गोचिडी असतात!"

"असतात," हरीण म्हणालं. "पानगळीच्या दिवसांत मोठ्या गोचिडी माझं रक्त पितात, मग जमिनीवर पडतात आणि पुढे अंडी घालतात. पण या रोगाचा जिवाणू माझ्या रक्तात टिकत नाही. माझ्याकडून त्यांना रोग मिळत नाही."

मग गोचीड बोलली. "अंड्यातून बाहेर येते तेव्हा माझ्यातही तो नसतो. सगळ्या आयुष्यात मी तीनदाच जेवते. पहिलं जेवण उन्हाळा सरताना होतं, बहुतेकदा उंदराच्या अंगावर. तिथेच जिवाणू माझ्या पोटात येतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या जेवणाची वेळ होते, तेव्हा मी जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. जो जवळून जाईल त्याला चिकटते. तो उंदीर की माणूस, हे मला कळत नाही."

सगळे पांढऱ्या पायांच्या उंदराकडे वळले. तो घाबरत म्हणाला, "जिवाणू माझ्या अंगात राहतो हे खरं. चिपमंक आणि चिचुंद्रीच्या अंगातही राहतो. पण मी त्याने आजारी पडत नाही. मला पोटभर मिळालं की मला पिलं होतात, एवढंच मला माहीत. दोन वर्षांमागे ओकखाली फळांचा सडा पडला होता. हिवाळा सुखात गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात जिकडेतिकडे आम्हीच होतो."

ओक म्हणाला, "मी दरवर्षी सारखा फळत नाही. काही वर्षं हात आखडतो, एखाद्या वर्षी भरभरून देतो. माझा स्वभावच तो."

शेवटी कोल्हा म्हणाला, "मी उंदीर खातो. पण रस्ते झाले, घरं झाली, रानाचे तुकडे पडले. एवढ्याशा तुकड्यात उंदराचं भागतं, माझं भागत नाही."

माणूस हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे शेवटी गुन्हेगार मीच?"

"तसंही मी म्हणत नाही," कासव म्हणालं. "गुन्हेगार शोधत बसलास तर बोट एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहील. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्यापासून वेगळं वागणं इथे कुणाला जमेल? ओकला फळणं थांबवता येत नाही. उंदराला खाणं सोडता येत नाही. गोचिडीला रक्ताशिवाय जगता येत नाही. विचार करून वागणं बदलता येतं ते फक्त तुला."

"मग मी काय करू?"

"रानात जाताना पँटचे पाय मोज्यांत खोचत जा, लेकीलाही तसं शिकव. घरी परतल्यावर तिच्या काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागची जागा, केसांची मुळं नीट बघ. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धर आणि सरळ वर ओढ. तेल चोळू नकोस, चटका देऊ नकोस. तो जिवाणू माणसाच्या अंगात जायला गोचीड साधारण एक दिवसाहून जास्त चिकटून राहावी लागते. ती त्याआधी निघाली तर धोका फार कमी. तरीही ताप आला किंवा चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नकोस. आणि या रानाचा आणखी एक तुकडा पाडायची वेळ आली, तर कोल्ह्याचं बोलणं आठव."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

माणूस घरी गेला. त्या उन्हाळ्यात त्याला लेकीच्या गुडघ्यामागे दोनदा गोचीड सापडली. दोन्ही वेळा त्याने ती त्याच संध्याकाळी काढून टाकली. मुलगी पुन्हा आजारी पडली नाही.

तात्पर्य : दोष पुष्कळांत वाटून देता येतो. जबाबदारी मात्र त्याची, ज्याला वेगळं वागता येतं.